सेलेरॉन ३००ए: ३०० मेगाहर्ट्झची चिप ४५० वर का चालली

२४ ऑगस्ट १९९८ या एकाच दिवशी इंटेलने दोन टोकांचे प्रोसेसर बाजारात आणले. पेंटियम टू ४५० ची किंमत होती ६६९ डॉलर आणि सेलेरॉन ३००ए ची १४९ डॉलर. दोन्ही किमती हजार नगांच्या घाऊक खरेदीच्या. पहिला श्रीमंत घरांसाठी आणि कचेऱ्यांतल्या जड कामासाठी होता, दुसरा हजार डॉलरच्या आतल्या स्वस्त पीसीसाठी. थोड्याच दिवसांत हौशी मंडळींना कळलं, की मदरबोर्डच्या बायोसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगच्या पानांवर) बसचा, म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या बोर्डाशी जोडणाऱ्या रस्त्याचा, वेग ६६ च्या जागी १०० केला की ही स्वस्त चिप ४५० मेगाहर्ट्झवर धावते. बऱ्याच चिप तर व्होल्टेजला हातही न लावता धावल्या.

ओव्हरक्लॉकिंगची, म्हणजे चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवण्याची, बरीच प्रकरणं ‘अमक्याने इतका आकडा गाठला’ एवढ्यावर संपतात. सेलेरॉन ३००ए चं तसं नाही. इथे नशिबाचा वाटा थोडा होता, गणिताचा मोठा. चिपचा मल्टिप्लायर (बसच्या वेगाला गुणणारा आकडा), बोर्डावरचे भाजक (त्याच वेगाला भागणारे आकडे), कॅशची, म्हणजे प्रोसेसरच्या हाताशी असलेल्या छोट्या वेगवान स्मृतीची, जागा आणि रॅमचा दर्जा या चार गोष्टी नेमक्या एकमेकींना जुळल्या. यातली एक जरी इकडची तिकडे असती तरी हा प्रकार जमला नसता. आजही कोणी पहिल्यांदा बायोसमध्ये शिरून वेगाचे आकडे बदलणार असेल, तर मी त्याला आधी हे प्रकरण समजून घ्यायला सांगतो.

चिप कुठून आली

१९९७-९८ मध्ये स्वस्त पीसीच्या बाजारात इंटेलची कोंडी होत होती. पेंटियम टू स्लॉट १ मध्ये बसायचा, महाग होता, आणि त्याच्या कार्ट्रिजमध्ये प्रोसेसरशेजारी कॅशच्या वेगळ्या चिप असायच्या. एएमडीचा के६ मात्र जुन्या सॉकेट ७ च्या स्वस्त बोर्डांवर चालत होता. (के६ ची मुळं नेक्सजेन या कंपनीच्या कामात होती. इंटेलमध्ये पेंटियमच्या निर्मितीचं नेतृत्व करणारे, पुण्यात जन्मलेले विनोद धाम तिथे गेले होते. १९९६ मध्ये एएमडीने नेक्सजेन विकत घेतली आणि पुढच्या वर्षी के६ आला.)

इंटेलचं पहिलं उत्तर एप्रिल १९९८ चं, सेलेरॉन २६६. त्यात गाभा, म्हणजे प्रत्यक्ष गणितं करणारा भाग, पेंटियम टूचाच होता, पण दुसऱ्या पातळीची कॅश पूर्ण काढून टाकलेली. ऑफिसच्या कामात हा प्रोसेसर लंगडत चालला आणि समीक्षकांनी त्याला झोडपलं. एक गोष्ट मात्र तेव्हाच दिसली होती. कॅशच्या बाहेरच्या चिप नसल्यामुळे हा गाभा ४०० मेगाहर्ट्झपर्यंत सहज जायचा. जायचा खरा, पण कॅशविना तो वेग बराचसा वाया जायचा, कारण प्रत्येक वेळी रॅमपर्यंत हेलपाटा पडायचा.

मेंडोसिनो हे अंतर्गत नाव असलेल्या पुढच्या पिढीत ही उणीव भरून निघाली. १२८ किलोबाइटची कॅश थेट त्याच सिलिकॉनवर आली आणि ती गाभ्याच्या पूर्ण वेगाने चालू लागली. ट्रान्झिस्टरची संख्या साडेसात दशलक्षांवरून सुमारे १९ दशलक्षांवर गेली. कॅश नसलेला सेलेरॉन ३०० आधीच बाजारात होता, म्हणून नव्याच्या नावापुढे ‘ए’ लागला.

दोन्ही कॅशची तुलना करून पाहा. पेंटियम टू ४५० मध्ये ५१२ किलोबाइट, पण वेग गाभ्याच्या निम्मा, म्हणजे २२५ मेगाहर्ट्झ. सेलेरॉनमध्ये चौथा हिस्सा कॅश, पण वेग गाभ्याइतकाच. गाभा ४५० वर नेला की कॅशही ४५० वर. स्वस्त चिपच्या पोटात महागड्या चिपपेक्षा दुप्पट वेगवान कॅश बसली होती, आणि बाहेरच्या कॅश चिपची वेगमर्यादा आडवी येण्याचा प्रश्नच उरला नव्हता.

एका आकड्यावर सगळा बोर्ड

प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले मल्टिप्लायर. ३००ए साठी हे ६६.६ गुणिले ४.५ होतं. मल्टिप्लायर इंटेलने कारखान्यातच बंद केलेला होता. कमी वेगाच्या चिपवर मोठा आकडा छापून विकणाऱ्या लबाड व्यापाऱ्यांना आळा घालणं, हे त्यामागचं सांगितलेलं कारण. मग हाती उरली ती बस.

पण बस म्हणजे काही फक्त प्रोसेसरचा रस्ता नाही. त्या काळच्या बोर्डावर रॅम बसच्याच वेगाने चालायची. पीसीआय (इतर कार्डांसाठीचे) आणि एजीपी (ग्राफिक्स कार्डासाठीचा) हे स्लॉटही त्याच क्लॉकला भागून आपला वेग घ्यायचे. पीसीआयचा ठरलेला वेग ३३ मेगाहर्ट्झ, एजीपीचा ६६. हार्ड डिस्कचा कंट्रोलर, साउंड कार्ड, मोडेम, नेटवर्क कार्ड असं सगळं बिऱ्हाड पीसीआयच्या क्लॉकवर. बस वाढवली की या सगळ्यांचा वेग वाढतो, आणि त्यांपैकी कोणालाही तुमच्या हौसेशी देणंघेणं नसतं.

खरी गंमत इथे आहे. बस ६६ असताना पीसीआयचा भाजक दोन, म्हणजे वेग ३३. बस ७५ केली तरी भाजक दोनच, म्हणून पीसीआय साडेसदतीसवर आणि एजीपी ७५ वर. बस ८३ केली की पीसीआय जवळजवळ ४२ वर आणि एजीपी ८३ वर. प्रोसेसर तेव्हा असतो जेमतेम ३७५ वर, त्याला घामही फुटलेला नसतो, पण हार्ड डिस्कवरच्या फाइली बिघडायला लागतात. आता बस १०० करा. इथे भाजक बदलतो. पीसीआयसाठी तीन, म्हणून वेग पुन्हा ३३. एजीपीसाठी दोन तृतीयांश, म्हणून पुन्हा ६६. प्रोसेसर दीडपट वेगाने धावतोय आणि बाकीचा सगळा बोर्ड आपापल्या ठरलेल्या वेगावर शांत बसलाय.

म्हणूनच ३७५ पेक्षा ४५० सुरक्षित होता. ‘थोडंसंच वाढवू या, म्हणजे धोका कमी’ हा आपला सहज अंदाज इथे सपशेल चुकतो. मला या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते, कारण आकडा किती वाढवला यापेक्षा तो वाढवल्याने कोणकोणत्या घड्याळांचा वेग बदलला हे पाहायची सवय तिने लागते.

तीन आणि दोन तृतीयांश हे भाजक आले इंटेलच्याच ४४०बीएक्स चिपसेटमधून, म्हणजे बोर्डावरची वाहतूक सांभाळणाऱ्या चिपांच्या संचातून. एप्रिल १९९८ मध्ये हा चिपसेट १०० मेगाहर्ट्झच्या बसवर चालणाऱ्या पेंटियम टूसाठी आला. त्याआधीचा ४४०एलएक्स ६६ साठी बांधलेला होता. सेलेरॉनला अधिकृतपणे १०० ची गरज नव्हती, पण स्लॉट तोच असल्यामुळे तो बीएक्स बोर्डात अगदी नीट बसायचा.

बीएच६

आता बोर्डाकडे. तैवानच्या अबिट कंपनीचा बीएच६ हा या चिपचा ठरलेला जोडीदार झाला. त्या काळी बसचा वेग बदलायचा म्हणजे बहुतेक बोर्डांवर कॅबिनेट उघडून, पुस्तिकेतला तक्ता पाहत, जंपर काढून घालावे लागायचे. अबिटने ही सगळी जुळणी ‘सॉफ्टमेन्यू’ नावाने बायोसच्या एका पानावर आणली. बसचा वेग, एजीपीचं गुणोत्तर आणि गाभ्याचं व्होल्टेज, तिन्ही कीबोर्डवरून बदलता यायची. व्होल्टेजची सोय विशेष महत्त्वाची. एरवी बोर्ड प्रोसेसरच्या पिनांवरून ‘मला २.० व्होल्ट हवेत’ हा निरोप वाचायचा आणि तेवढंच द्यायचा. बीएच६ वर मालक तो निरोप बदलू शकायचा.

ज्यांच्या बोर्डावर १०० निवडायची सोय नव्हती, त्यांनी वेगळा मार्ग काढला. स्लॉट १ च्या बी२१ या संपर्कातून प्रोसेसर बोर्डाला सांगायचा, की मी ६६ च्या बसचा आहे. त्यासाठी तो संपर्क जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, जोडलेला असायचा. लोकांनी कार्डाच्या कडेवरच्या त्या एका सोनेरी पट्टीवर बारीक चिकटपट्टी लावली किंवा नेलपॉलिशचा थेंब दिला. जोड तुटली की बोर्ड समजायचा, १०० ची चिप आली. कष्टाचं काम होतं, आणि चिकटपट्टी सरकून शेजारची पट्टी झाकली गेली तर गोंधळ व्हायचा. पण चिप आणि बोर्ड यांच्यातला हा निरोप किती साधा होता हे यातून कळतं.

प्रत्यक्ष जुळणी

नीट काम करणारे लोक थेट १०० वर उडी मारत नसत. आधी सगळं यंत्र ६६ वर उभं करायचं, विंडोज ९८ बसवायची, ड्रायव्हर घालायचे, कामाच्या फाइलींची प्रत काढून ठेवायची. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण पुढे बिघाड झाला तर तो वेगामुळे आहे की मुळातच होता, हे सांगायला दुसरा आधार नसतो.

मग रॅम. ६६ च्या जमान्यातल्या जुन्या पट्ट्या १०० वर बहुधा टिकत नसत, त्यामुळे पीसी१०० दर्जाची रॅम लागायची. सुरुवातीला तिचं टायमिंग सैल, कॅस ३ वर (मागितलेला डेटा द्यायला तीन ठोके) ठेवायचं. पडदा काळा राहिला की लोक प्रोसेसरला दोष द्यायचे, आणि दोषी निघायची रॅम. हे इतक्यांच्या बाबतीत झालं, की आधी दुसऱ्याची खात्रीची रॅम लावून पाहा, हा सल्ला सर्रास दिला जायचा.

त्यानंतर बस १००, एजीपी दोन तृतीयांश, व्होल्टेज जसंच्या तसं २.०, आणि यंत्र सुरू. चालू झालंच नाही, तर अवॉर्ड बायोसमध्ये इन्सर्टचं बटण दाबून धरत यंत्र सुरू केलं की मूळ सेटिंग परत यायची. सुरू झालं पण विंडोज उघडताना निळा पडदा आला, तर व्होल्टेज एक पायरी वर, २.०५. तरीही अडलं तर २.१, मग २.२. यापुढे शहाणे लोक थांबायचे.

व्होल्टेज वाढवल्याने नेमकं काय होतं? ३०० मेगाहर्ट्झवर एका ठोक्याला ३.३३ नॅनोसेकंद मिळतात, ४५० वर २.२२. तेवढ्या वेळात संदेश ट्रान्झिस्टरांच्या सर्वांत लांब साखळीतून पार होऊन पुढच्या टप्प्यावर पोहोचायला हवा. पोहोचला नाही तर तिथे जुनाच आकडा वाचला जातो. व्होल्टेज जास्त असलं की ट्रान्झिस्टर लवकर पलटतात. तापमान वाढलं की ते सुस्तावतात. म्हणून व्होल्टेज वाढवायचं आणि थंडावा तसाच ठेवायचा, यात एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं जातं.

उष्णतेचा हिशोब सोपा आहे. खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३००ए चा मूळ खप सुमारे १९ वॅट. ४५० वर, २.० व्होल्टलाच, तो दीडपट म्हणजे २८-२९ वॅट होतो. व्होल्टेज २.२ केलं तर आणखी २१ टक्के, म्हणजे साडेचौतीसच्या आसपास. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे, पण तेव्हाचे हीटसिंक बोटभर जाडीचे आणि पंखे लहान. सेलेरॉनला पेंटियम टूसारखं प्लॅस्टिकचं कवच नव्हतं, त्याचं सर्किट कार्ड उघडंच असायचं, त्यामुळे मोठा हीटसिंक बसवणं आणि मध्ये चांगली थर्मल पेस्ट लावणं सोपं गेलं.

काही चिप कशानेही स्थिर होत नसत. अशा वेळी दोष शोधायची एक छान रीत होती. बायोसमध्ये दुसऱ्या पातळीची कॅश बंद करून यंत्र ४५० वर चालवून पाहायचं. मंद का होईना पण नीट चाललं, तर गाभा सक्षम आहे आणि कॅश अडते आहे. तरीही कोसळलं, तर गाभा किंवा रॅम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही शिस्त पाळणाऱ्यालाच उत्तर मिळायचं.

स्थिर कशाला म्हणायचं

इथे मी थोडा कडक आहे. विंडोज उघडली, क्वेक टू तासभर चालला, म्हणजे यंत्र स्थिर झालं, असं त्या काळी अनेकांनी मानलं. खेळात एखाद्या पिक्सेलचा रंग चुकला तर कोणाला कळतही नाही. हिशोबाच्या तक्त्यात किंवा डिस्कवर लिहिल्या जाणाऱ्या फाइलीत तोच एक बिट चुकला, तर महिन्यांनी कधीतरी फाइल उघडत नाही आणि कारण सापडत नाही. कोसळणारं यंत्र निदान सांगतं तरी. न कोसळता चूक करणारं यंत्र जास्त धोक्याचं.

यावर उपाय होता प्राइम९५ चा. मोठ्या मर्सेन मूळसंख्या शोधण्यासाठी १९९६ पासून चाललेल्या सार्वजनिक प्रकल्पाचा हा प्रोग्रॅम. त्यातली कठोर चाचणी अशी गणितं करते ज्यांची उत्तरं आधीच ठाऊक असतात, आणि उत्तर जुळलं नाही की थांबून चूक दाखवते. रात्रभर ही चाचणी निर्धोक पार पडली, आणि तीही उन्हाळ्यात, तरच ४५० हा त्या यंत्राचा वेग मानावा. हिवाळ्यात स्थिर असलेली यंत्रं मे महिन्यात डगमगणं स्वाभाविक आहे, कारण वर म्हटल्याप्रमाणे ट्रान्झिस्टर तापमानाने सुस्तावतात आणि ४५० वर हातात वेळच कमी उरलेला असतो.

काय मिळालं

खेळांमध्ये ४५० वरचा ३००ए पेंटियम टू ४५० च्या अगदी बरोबरीला उभा राहिला. फार मोठा डेटा चाळणाऱ्या कामांत पेंटियम टूच्या ५१२ किलोबाइटचा फायदा दिसायचा आणि सेलेरॉन मागे पडायचा. तरी चौपटीहून जास्त किमतीचं समर्थन करण्याइतका तो फरक नव्हता.

या यशात बसचा वाटा अनेकदा विसरला जातो. ६६ च्या बसवर सेकंदाला जास्तीत जास्त ५३३ मेगाबाइट वाहून जायचे, १०० वर ८००. कॅश लहान असली की रॅमकडे जास्त वेळा जावं लागतं, म्हणून लहान कॅशच्या चिपला वेगवान बसचा लाभ अधिक होतो. मल्टिप्लायर मोकळा असता आणि लोकांनी ६६ च्याच बसवर तो ७ करून ४६६ गाठले असते, तर आकडा मोठा दिसला असता पण प्रत्यक्ष कामात १०० गुणिले ४.५ शी त्याची गाठ पडली नसती. मल्टिप्लायर बंद असल्यामुळे हौशी लोकांना नाइलाजाने जो मार्ग धरावा लागला, तोच जास्त चांगला होता.

जागा का शिल्लक होती

चिपवर छापलेला आकडा म्हणजे तिची कमाल क्षमता, हा समज या प्रकरणाने मोडला. तो आकडा ही कंपनीने दिलेली हमी असते. ठरलेल्या तापमानात, ठरलेल्या व्होल्टेजवर, वर्षानुवर्षं ही चिप एवढ्या वेगाने अचूक चालेल, एवढं ती सांगते. त्यापुढे चिप किती जाऊ शकते हे निर्मितीप्रक्रियेच्या गुणवत्तेवर ठरतं, आणि कोणत्या किमतीला कोणता आकडा विकायचा हे बाजार ठरवतो. १९९८ च्या मध्यावर इंटेलची ०.२५ मायक्रॉनची प्रक्रिया चांगली रुळली होती. त्याच घराण्यातला गाभा त्याच १०० च्या बसवर, त्याच ४.५ ने गुणून, पेंटियम टू ४५० म्हणून कंपनी स्वतःच विकत होती. म्हणजे ४५० हा त्या डिझाइनला परका वेग नव्हता. पण स्वस्त गटात ३०० आणि ३३३ चीच मागणी होती, म्हणून चांगल्या चिपवरही ३०० छापलं गेलं.

हीच गोष्ट ३३३ ने उलट बाजूने सिद्ध केली. १९२ डॉलरचा तो प्रोसेसर अधिक महाग आणि कागदावर अधिक वेगवान. पण त्याचा मल्टिप्लायर ५, म्हणून १०० च्या बसवर ५०० मेगाहर्ट्झ. त्या वेळच्या सिलिकॉनला ते सहसा झेपत नसे. मधल्या ८३ वर नेलं तर ४१५, आणि पीसीआयचं दुखणं मागे. जास्त पैसे मोजून लोकांच्या हाती कमी लागलं. ३००ए वर खूश झालेल्या काहींनी ११२ ची बस लावून ५०४ गाठायचा प्रयत्न केला. तिथे पीसीआय ३७ च्या पुढे आणि एजीपी ७५ च्या जवळ जातो, शिवाय प्रोसेसरही आपल्या काठावर. निवडक चिप टिकल्या, बाकीच्या परत १०० वर आल्या.

१९९९ च्या सुरुवातीला ३६६ आला तेव्हा प्रक्रिया आणखी सुधारली होती, आणि त्यातल्या बऱ्याच चिप १०० च्या बसवर ५५० पर्यंत गेल्या. सेलेरॉन आता सॉकेट ३७० मध्येही मिळू लागला होता. त्याच वर्षी अबिटने बीपी६ हा दोन सेलेरॉन घेणारा बोर्ड काढला, आणि विंडोज एनटी किंवा लिनक्स चालवणाऱ्यांना दोन प्रोसेसरचं यंत्र परवडू लागलं. विंडोज ९८ ला मात्र दुसरा प्रोसेसर दिसतच नसे.

पुढे हा रस्ता बंद होत गेला. आधी पीसीआय आणि एजीपीचा वेग बसपासून वेगळा बांधून ठेवणारे चिपसेट आले, त्यामुळे भाजकांची कसरत संपली आणि काही वर्षं बस वाढवणं सोपं झालं. मग जानेवारी २०११ मध्ये सँडी ब्रिज हा इंटेलचा नव्या पिढीचा प्रोसेसर आला. त्यात सगळ्या बोर्डाचं क्लॉक चिपसेटमधल्या एकाच जनरेटरवर आलं, आणि १०० चा मूळ आकडा चार-पाच टक्क्यांनी हलवला तरी साटा (डिस्कची जोडणी) आणि पीसीआय एक्सप्रेस (कार्डांची नवी जोडणी) कुरकुरायला लागले. वेग वाढवायचा तर मल्टिप्लायरच हवा, आणि मोकळा मल्टिप्लायर मिळणार फक्त ‘के’ अक्षराच्या महाग प्रोसेसरमध्ये, तोही ठरावीक चिपसेटच्या बोर्डावर. स्वस्त चिपमध्ये दडलेली जागा गिऱ्हाइकाने स्वतः काढून घ्यायची, ही सोय इंटेलपुरती जवळजवळ मिटली.

जुन्या यंत्रांची हौस असलेले लोक आजही बीएच६ आणि ३००ए शोधून जुळवतात. त्यांना एवढंच सांगणं, की बस १०० करण्याआधी प्रोसेसरच्या स्लॉटजवळचे कपॅसिटर नीट पाहा. माथा फुगलेला किंवा खाली तपकिरी डाग दिसला तर आधी ते बदला, कारण पंचवीस वर्षांच्या कपॅसिटरमधून ४५० ला लागणारी वीज स्वच्छ येत नाही. हीटसिंकखालची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावा. सीमॉसची बॅटरी बदला, नाहीतर दर वेळी सेटिंग पुसली जाऊन चिप ३०० वर उघडेल. मग ६६ वर रात्रभर प्राइम९५ चालवा, आणि तिथे एकही चूक आली नाही तरच १०० निवडा.